घुसखोराचं काम

हौसरावांनी प्लास्टिकची खुर्ची उचलून पलंगाला भिडवली, बसून बघितलं आणि उठून ती पुन्हा चार बोटं पुढं घेतली. पिठाच्या डब्याला टेकवलेल्या मोबाईलमध्ये आता सोहेबच्या खांद्याला लागून त्यांचा खांदा दिसत होता. टोपी तेवढी वरून कापली जात होती.

"आसमीन, टोपी पुरी येऊ दे बाई," ते म्हणाले. "टोपीशिवाय कोण वळखणार मला?"

सोहेबच्या धाकट्या बहिणीनं डबा मागं ओढला. टोपी आली. हौसरावांनी मान डावी-उजवीकडं वळवून स्वतःला नीट न्याहाळलं आणि समाधानानं हुंकार भरला.

"आता काय बी काळजी करू नको," त्यांनी सोहेबच्या पाठीवर थाप मारली. "एकदा आपून म्हणलं, आमचा पोरगा हाय, की मिटला विषय."

आणि खरंच, आजवर मिटत आला होता. पाटसच्या पलीकडच्या त्या गावात हौसरावांचा शब्द म्हणजे शिक्का. सरपंचकी जाऊन वर्षं लोटली, तरी बँकेत कुणाचं काम अडलं, कुणाच्या पोरीचा कॉलेजातला प्रवेश अडला, पोलीस चौकीत कुणाला बसवून ठेवलं, की हौसराव टोपी घालून निघत. 'आपला माणूस हाय' एवढं म्हणत, चहा पीत आणि माणूस घेऊन येत. सोहेबचे वडील मीरासाहेब गावात पिढीजात गाद्या भरणारे; चॅनलवाल्यांचा फोन आला तसे तेही चपला घालून आधी हौसरावांकडंच गेले. वकिलाला विचारावं, हे कुणाच्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

सोहेब पाठ केलेली वाक्यं मनात घोळवत होता. गुन्हा केला असता तर निदान काय कबूल करायचं ते तरी कळलं असतं. त्यानं फक्त काम केलं होतं, तेही नाटकातलं.

जत्रेच्या नाटकांत लहानपणापासून तोंड रंगवलेला हा पोरगा सणसवाडीच्या एका कंपनीत कंत्राटावर मशीन चालवत होता. तिथल्या खोलीवरच्या मित्राच्या ओळखीनं त्याला टीव्हीवरच्या गुन्ह्यांच्या मालिकेत एका भागापुरतं काम मिळालं. घुसखोराचं काम. सीमेपलीकडून आलेला, नाव बदलून कारखान्यांच्या पट्ट्यात भाड्यानं राहिलेला आणि शेवटी घरमालकिणीचा गळा दाबणारा. पोलीस त्याला उसातून फरफटत बाहेर काढतात, तेव्हा गुडघ्यावर बसून रडत म्हणायचं होतं, 'कागज है ना साब! जिधर का बोलो, उधर का कागज है!' सोहेबनं ते असं काही म्हटलं की दिग्दर्शकानं पहिल्या झटक्यात ओके केलं.

भाग लागला तेव्हा अर्धी गल्ली याच खोलीत बसली होती. त्याच्या आईनं, खातूननं, शेवया केल्या होत्या. पडद्यावर पोराला लाथ बसली तशी तिनं पदर तोंडाला लावला आणि सगळे खदखदून हसले. "काय रडलास रं लेका! अगदी खरा वाटलास!" असं हौसरावच म्हणाले होते.

खरा वाटला, तिथंच घात झाला. त्या भागावर एका बातम्यांच्या चॅनलनं चर्चा ठेवली, 'पडद्यावरचा घुसखोर : इशारा की बदनामी?' कडेच्या चौकटींत राजकीय विश्लेषक एकमेकांच्या अंगावर जात होते आणि मधल्या मोठ्या चौकटीत सोहेब गुडघ्यावर बसून पुन्हा पुन्हा रडत होता. मालिकेचं नाव खालच्या पट्टीनं झाकलं होतं. कुणीतरी तेवढाच तुकडा कापला. वर चॅनलचा शिक्का, खाली 'घुसखोर' आणि मधे सोहेबचं तोंड. बघता बघता तो तुकडा सणसवाडीतल्या मोबाईल-मोबाईलवर गेला. टपरीवर लोक त्याला बघून बोलायचे थांबू लागले. खोलीमालकानं कुलूप बदललं. आधार कार्ड दाखवायला जावं, तर गर्दीतून कुणीतरी दात काढून म्हणे, 'जिधर का बोलो, उधर का!'

सुपरवायझर नवनाथ तसा भला माणूस. "मला माहीत हाय रे," तो गेटबाहेर येऊन म्हणाला होता, "पण पोरं ऐकत न्हाईत. एचआर म्हणतंय, चॅनलवरच क्लिअर होऊ दे की हे नाटक हाय. मग ये." एक तारखेला सोहेबला कंपनीच्या रोलवर घेणार होते. कंत्राटातून सुटका, कायमची नोकरी. सोमवारी गेटवर हजर झाला नाही तर ती जागा दुसऱ्याच्या नावावर जाणार होती. आज शुक्रवार, आणि त्याच चॅनलनं त्याला चर्चेत बोलावलं होतं. तेव्हा जे काय व्हायचं ते आता, या पिठाच्या डब्यासमोरच.

दारात शेजाऱ्यांची गर्दी झाली होती. बाहेर जायचं म्हटलं तरी वाट नव्हती. समोर टीव्हीवर तेच चॅनल चालू होतं, आवाज बंद करून. आवाज घुमतो म्हणून चॅनलच्या माणसानं तसं बजावलं होतं. टीव्हीवरचं चित्र मोबाईलच्या जरा मागून येई. हौसरावांनी मिशी पुसली, की थोड्या वेळानं ती टीव्हीत पुसली जाई. त्यांना त्याची भारी गंमत वाटत होती.

मोबाईलमधून अँकरचा आवाज कडाडला.

"ज्या चेहऱ्यानं आपली झोप उडवली, तोच चेहरा आज थेट आपल्यासोबत! सोहेब, बोला."

"नमस्कार," सोहेबनं पाठ केलेलं म्हणायला घेतलं. "मी सोहेब मीरासाहेब नदाफ. मी दौंड तालुक्यातला रहिवासी आहे. मी कलाकार आहे. आपण जे पाहिलंत, तो अभिनय होता."

विश्वजीत नावाचे विश्लेषक गालात हसले. हे रोजच टीव्हीवर दिसत. बोलताना चष्मा काढायची त्यांना सवय होती.

"मराठी फार छान आहे हो तुमचं. तुमच्या गावात सगळे असंच पुस्तकी बोलतात?"

"न्हाई सर. घरी आमी हाय-न्हाईच बोलतो. हिथं टीव्हीवर म्हणून जरा..."

"बघा! एका क्षणात भाषा बदलली." विश्वजीतांनी चष्मा काढला. "कलाकार आहेत, मला मान्य आहे. माझा मुद्दा तोच आहे. असे लोक आपल्यात कसे बेमालूम मिसळून जातात, हेच तर या मालिकेनं दाखवून दिलं."

"पण सर, मी त्यातला न्हाईच. मी त्यांचं काम केलं फक्त."

"हेच तर मालिकेतलं पात्रही म्हणतं."

पात्र तसं काही म्हणत नव्हतं. पात्राची सगळी वाक्यं सोहेबला पाठ होती. पण ती म्हणून दाखवायची तर पुन्हा तेच रडगाणं गायला लागणार.

"माझा तीव्र आक्षेप आहे!" दुसऱ्या चौकटीतून बाईंचा आवाज आला. त्या स्नेहल मॅडम. मागं पुस्तकांचं कपाट, गळ्यात मोठे मणी. आसमीननं सोहेबला डोळ्यांनी खुणावलं, ह्या आपल्या बाजूच्या. दारातली गर्दी जरा पुढं सरकली. "अशा मालिका द्वेष पसरवतात. अहो, ही माणसंच आहेत ना? पोटासाठी सीमा ओलांडतात बिचारी. या मुलाचे डोळे बघा. आणि पाठवायचंच असेल परत, तर सन्मानानं पाठवा!"

सोहेबला क्षणभर उमगेना.

"मॅडम, परत कुठं?" तो म्हणाला. "मी हिथलाच हाय. पाटसचा."

"घाबरू नकोस बाळा," मॅडम मायेनं म्हणाल्या. त्यांचे डोळे खरंच भरून आले होते. "तू कुठलाही असलास, तरी मी तुझ्या बाजूनं आहे."

"ही आपल्या बाजूची ना गं?" खातूननं दबक्या आवाजात विचारलं.

"व्हय अम्मी," आसमीन म्हणाली. "आपल्याच बाजूची हाय."

एक सोहेबला हाकलायला बसला होता, दुसरी त्याला जपून पोचवायला निघाली होती. जायचं कुठं, ते मात्र दोघांनीही परस्पर ठरवून टाकलं होतं.

हौसरावांना आता राहवेना. पोरं-सोरं वाद घालतात, शेवटी जाणत्यानं मधे पडायचं असतं. त्यांनी टोपी चापून बसवली आणि चौकीत बसायचे तसे दोन्ही हात गुडघ्यांवर रोवले.

"ओ सर, ओ मॅडम, जरा माझं ऐका. मी हौसराव. ह्या गावचा माजी सरपंच. हा आमचा पोरगा हाय. ह्याच्या आज्यानं माझ्या बापाच्या लग्नातल्या गाद्या भरल्यात. हा माझ्या अंगणात खेळून मोठा झालाय. मी सांगतो ना! आजून काय पायजे तुम्हाला?"

सोहेबचा जीव भांड्यात पडला. असंच बोलायला हवं होतं. त्याला उगाच एवढं पाठ करायला लावलं आसमीननं. दारातून कुणीतरी "लई भारी आबा!" म्हणालं. हौसराव मिशीत हसत मोबाईलकडं बघत राहिले. 'बरं आबा, घेऊन जावा पोराला,' हे वाक्य आता पलीकडून यायचं होतं.

विश्वजीत मात्र खुर्चीत पुढं सरकले.

"हौसराव, तुम्ही आलात ते फार बरं केलंत. प्रेक्षकहो, मालिका आठवा. घुसखोराला गावात आसरा कोण देतं? स्थानिक पुढारी. कशासाठी? मतांसाठी. काय हो सरपंच, तुमच्याकडं सध्या एखादी निवडणूक आहे का?"

"सोसायटीची हाय पुढच्या महिन्यात. पर त्याचा हिथं काय..."

"ऐकलंत?"

"आहो, मी काय म्हणतो..."

"सरळ विचारतो. या मुलाची हमी तुम्ही घेता? उद्या काही निघालं, तर जबाबदार तुम्ही? इथंच, सगळ्यांसमोर सांगा."

असं हौसरावांना जन्मात कुणी विचारलं नव्हतं. त्यांचा शब्द लोक घेत. त्या शब्दाला आणखी तारण कुणी मागितलं नव्हतं. तेवढ्यात टीव्हीवर चित्र बदललं. त्यांच्याच तोंडाभोवती लाल गोल आला आणि खालून पट्टी धावू लागली, 'घुसखोराला पाठबळ कुणाचं?' टोपी अगदी स्वच्छ दिसत होती. कुणीही ओळखली असती.

त्यांच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी तो काढून बघितला. थोरला मुलगा मल्हार. यंदा सोसायटीला तोच उभा होता. हौसरावांनी फोन कापला. तो पुन्हा वाजला.

"आबा," सोहेब ओठ न हलवता पुटपुटला, "सांगा ना, घेतो म्हणून."

"मी वळखतो ह्याला," हौसराव मोबाईलकडं बघून म्हणाले. आवाज खाली आला होता. "म्हंजी, गाव म्हणल्यावर सगळेच एकमेकाला वळखतात."

"म्हणजे हमी नाही?"

"तसं न्हाई. पर आता सणसवाडीला ही पोरं ऱ्हातात, तिथलं आपल्याला काय..." ते थांबले. वाक्य तसंच लोंबकळत राहिलं.

मग फरशीवर खुर्चीचे पाय घासल्याचा आवाज आला. अगदी हळू, चोरून घासल्यासारखा. सोहेबनं मान वळवली नाही. मान वळवली असती तर ते सगळ्यांना दिसलं असतं. तो मोबाईलमध्ये बघत राहिला. हौसरावांची बाही चौकटीच्या कडेला गेली. मग अर्धा चेहरा गेला. मग नुसता गुडघा उरला, आणि शेवटी तोही गेला. टीव्हीवर ते अजून शेजारी बसलेले दिसत होते. सोहेब तिकडं बघत होता, आणि थोड्या वेळानं तिथूनही ते सरकत सरकत गेले.

हौसराव भिंतीशी बसून फोनमध्ये काहीतरी शोधत होते.

पलंगाची लाकडं करकरली. सोहेबच्या दुसऱ्या अंगाला, मोबाईलच्या नजरेबाहेर, मीरासाहेब इतका वेळ हूं की चूं न करता बसले होते. आता ते पोराच्या बाजूला सरकू लागले. धुतलेला सदरा, छातीपर्यंत आलेली पांढरी दाढी, डोक्यावर विणलेली गोल टोपी. पोरगा एकटा पडला, एवढंच त्यांना दिसत होतं. एकदा त्यांनी खाकरून घसा मोकळा केला. बाप म्हणून दोन शब्द बोलायचे असणार.

चौकटीच्या कडेला सदऱ्याची पांढरी बाही उगवली.

सोहेबचा हात आपोआप खाली गेला. चौकटीच्या खाली, कुणाला दिसणार नाही असा, तो वडिलांच्या गुडघ्यावर पडला आणि त्यानं तो गुडघा मागं रेटला. जोरात नाही. पण कळेल इतपत.

"सोहेब," अँकर विचारत होता, "तुमच्या शेजारचे गृहस्थ कुठं गेले? कोण आहे तुमच्यासोबत आता?"

"कुणी नाही," सोहेब म्हणाला. "मी एकटाच आहे."

मीरासाहेबांनी गुडघ्यावरच्या त्या हाताकडं बघितलं. दारात खातून उभी होती, तिनंही बघितलं. मग आवाज न करता अंग मागं घेऊन ते भिंतीला टेकले. पोराचा हात त्यांनी तसाच गुडघ्यावर राहू दिला.