बाहेरचे साठ संदर्भ

पेंगताईंनी यादीतल्या शेवटच्या नावाखाली पट्टी धरली आणि लाल पेनाने ती ओळ आडवी खोडली.

"सत्तावन्न," त्या म्हणाल्या.

"काल संगणकावर त्रेसष्ट दिसत होते," रान वेन म्हणाली.

"संगणक सगळेच मोजतो, मॅडम. आम्ही बाहेरच्यांनी दिलेले संदर्भच मोजतो. तुमच्या शोधनिबंधाच्या एखाद्या सहलेखकानं आपल्या लेखात तुमचाच हवाला दिला, तर तो संदर्भ घरचा. हे सहा घरचे निघाले."

विद्यापीठाच्या ग्रंथालयातली ही खिडकी पाचला बंद व्हायची. इथल्या लाल शिक्क्याचा दाखला आजच कार्यालयात द्यायचा होता. सहा वर्षांचा करार, पाच निबंध, बाहेरचे साठ संदर्भ. एक जरी कमी पडला, तरी महिनाअखेर नोकरी संपली. रान वेन एकोणचाळीस वर्षांची होती, आणि दुसरीकडच्या जाहिराती पस्तिशीलाच दार लावून घेत.

तिने यादी जवळ ओढली. सहाही खोडलेल्या ओळींत एकच नाव होतं. थान देछ्वान.

डोंगरातल्या तालुक्याच्या रोगप्रतिबंध कार्यालयातले थानदादा. तिकडे घराघरात कोळशाच्या चुलीवर मका आणि मिरच्या वाळवतात, धुरातलं फ्लोराइड त्यांत उतरतं आणि पोरांचे दात तपकिरी पडतात. अकराशे मुलांच्या लघवीचे नमुने थानदादांनी बर्फाच्या पेटीतून, अर्धी वाट पायी, खाली आणले होते. तिने निबंधावर त्यांचं नाव तिसरं घातलं, तेव्हा विभागप्रमुख हसले होते. "तालुक्याचा माणूस लेखक? मग जीपच्या ड्रायव्हरचंही घाल की!" ती हट्टाला पेटली होती.

"ताई, काहीच होणार नाही का?"

पेंगताईंनी मागे पाहिलं, मग खणातून एक कागद काढला. "एक फॉर्म असतो. हा त्याच नावाचा दुसरा माणूस आहे, असं लिहून द्यायचं. आपल्याकडे एका नावाची माणसं थोडी का आहेत? तुमच्या निबंधात त्यांच्या कार्यालयाचं जुनं नाव आहे, या सहा लेखांत नवं. मी खोलात जाणार नाही. फक्त त्यांची सही लागेल. फोनवरून फोटो आला तरी चालेल."

तिथेच उभ्या उभ्या तिने फॉर्म भरायला घेतला. अक्षर इतकं वाकडं आलं की तिचं तिलाच ओळखू येईना. तीन ओळी झाल्यावर तिने फोन लावला.

"रान मॅडम! जेवलात का?" थानदादा नेहमीसारखे ओरडूनच बोलले.

तिने एका दमात सगळं सांगितलं.

"म्हणजे माझ्यामुळे झालं हे?" त्यांचा आवाज एकदम उतरला. "अहो, मी मुद्दाम देत होतो. तुम्हाला संदर्भ लागतात हे कुणीतरी बोललं होतं. म्हटलं, आपल्या हातून तेवढीच मदत. वर्षाला दोन लेख, त्यात तुमचा निबंध सगळ्यात वर."

"दादा, तुमची चूक नाही."

"पाठवा तो फॉर्म. मी दुसरा माणूस. बायकोलाही तेच सांगतो, तिला आनंदच होईल." ते हसले. "आत्ता सही करतो."

तेवढ्यात फोनमध्ये मागून त्यांच्या बायकोचा आवाज आला. "कसली सही? थान, डोकं फिरलंय का तुझं? तुझी बढतीची फाइल त्याच निबंधावर गेलीय! त्यातला मी नव्हेच म्हणून लिहून देणार? दोन वर्षांत निवृत्त होशील, मग बस बोंबलत."

"गप गं, फोनवर आहे मी," थानदादा दबक्या आवाजात म्हणाले. मग मोठ्याने, "मॅडम, ऐकताय ना? पाठवा, पाठवा."

रान वेनने खिडकीची कड घट्ट धरली. भिंतीवरच्या घड्याळात पाचला वीस मिनिटं होती. तोंड उघडलं तर "पाठवते" एवढंच बाहेर पडेल, याची तिला भीती वाटली.

"नको, दादा," ती शेवटी म्हणाली. "आत्ताच कळलं, इथे मोजायला चुकले होते. साठ भरले."

"खरंच?"

"खरंच."

"वा! जीव भांड्यात पडला. मॅडम, सातवा लेख लिहितोय. तुमचा संदर्भ पहिलाच टाकलाय."

"असू द्या," ती म्हणाली.

तिने फॉर्म चुरगाळून खिशात कोंबला आणि दाखला आत सरकवला. "सत्तावन्नावर शिक्का मारा."

पेंगताईंनी शिक्का लाल शाईवर दाबला, पण हात वरच राहिला. "वीस मिनिटं आहेत अजून. बसा, पाणी प्या. पुन्हा फोन लावून बघा."

रान वेनने फोन बंद केला आणि पिशवीच्या तळाशी, छत्रीखाली घातला.

"ताई, मारा ना लवकर," ती म्हणाली.