दुसरी करवत

वेडने करवतींचा प्रोग्राम लिहिणाऱ्या गॅरेथची मान पकडून त्याचं तोंड टेबलावर आपटलं. कप फुटला, सांडलेल्या कॉफीत रक्त मिसळलं. कचेरीतल्या चौघांपैकी कुणी जागचं हललं नाही. कत्तलखान्यातल्या माणसाच्या मनगटात काय जोर असतो, हे ऑस्ट्रेलियातल्या रॉकहॅम्प्टनमध्ये कुणाला सांगावं लागत नाही.

काल वेडचा धाकटा भाऊ कोल्बी करवत थांबवून पातं धूत होता. करवत अचानक फिरली आणि त्याचा हात मनगटापासून तुटला. आज मॅनेजरने सांगितलं, की पोराने ती बंद केलीच नव्हती, चूक त्याचीच. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

"त्याने बटण दाबलेलं मी बघितलंय," वेड म्हणाला. "तुझ्या प्रोग्रामने काय केलं ते दाखव. नाहीतर तुझी बोटं पण ठेवत नाही."

गॅरेथने बाहीने नाक दाबलं आणि पडद्यावर सोमवारी बसवलेला प्रोग्राम उघडला. थोडं वाचून तो थबकला. एकाच साच्यातून दोन करवतींसाठी दोन वेगळे ऑब्जेक्ट, म्हणजे प्रोग्राममध्ये प्रत्येक करवतीची स्वतंत्र नोंद, घडवायचे होते. त्याने एकच घडवला होता आणि दुसरं नावही त्यालाच चिकटवलं होतं. शिकाऊ पोरं करतात ती चूक. दोन्ही करवती रोज एकदमच सुरू होत, एकदमच थांबत, म्हणून कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. त्याला लाज वाटली. मार खाल्ल्याची नव्हे.

"कोल्बीची चूक नाही, माझी आहे. लिहून देतो."

वेडने मूठ उगारली. "कशी? सरळ सांग."

"करवती दोन, पण प्रोग्रामच्या लेखी एकच. कोल्बीने पहिली थांबवली, तशी दुसरीही थांबली. मग दुसरीवरच्या माणसाने आपली सुरू केली, आणि..."

दुसऱ्या करवतीवर कोण असतं, हे गॅरेथला आत्ता आठवलं.

मूठ वरच राहिली.

"माझी मध्येच बंद पडली," वेड हळू आवाजात म्हणाला. "मी शिवी हासडली आणि अंगठ्याने बटण दाबलं."

"तू ते दाबणारच होतास. कुणीही दाबलं असतं."

वेडने मूठ उघडली. उजवा अंगठा एप्रनला पुसला, मग पुन्हा पुसला. खिशातला फोन वाजू लागला. इस्पितळातून कोल्बीचा होता.

वेडने तो डाव्या हाताने काढला.