देवी निजलेली असताना

तुळजाभवानी वर्षातून तीनदा सिंहासन सोडून पलंगावर निजते. ती निजलेली असताना आमच्या घरात कुणी गादीवर झोपत नाही आणि मोठा निर्णयही घेत नाही. पहिला नियम सासऱ्यांच्या वेळचा. दुसरा आमच्या ह्यांनी, म्हणजे अंबादासरावांनी, याच पौषात काढला असावा, असा मला दाट संशय आहे.

कारण आमची लेक भैरवी. ती हैदराबादला मेंदूतल्या रसायनांचा अभ्यास करते. हिवाळाभर झोपणाऱ्या खारींचे मेंदू तपासायला तिला कॅनडात बोलावलं होतं, तीन वर्षांसाठी. शुक्रवारपर्यंत होकार कळवायचा होता आणि देवी उठणार होती शनिवारी. वडिलांनी हो म्हटल्याशिवाय ती जाणार नव्हती. वडील चटईवर पडून छताकडे बघत होते. पस्तीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला फाईल दाबून ठेवायला शिकवावं लागत नाही.

शुक्रवारी दुपारी भैरवी त्यांच्याजवळ बसली आणि न चिडता समजावू लागली. मेंदूत अडेनोसिन नावाचं रसायन काम करतं आणि खारीला झोप येते. आपल्यालाही त्यानंच पेंग येते, आणि चहा त्याचीच वाट अडवतो. हे ऐकून मी ताबडतोब आधण ठेवलं. त्या लांब झोपेत मेंदूतल्या पेशींना जोडणारे धागे आखडतात, जाग आली की काही तासांत पुन्हा फुटतात, असंही ती म्हणाली.

हे उठून बसले. चहाचा कप हातात तसाच राहिला.

"मग उठल्यावर तिला घरची माणसं वळखू येतात का?"

आठवडाभर काय अडलं होतं ते मला तेव्हा कळलं.

"येतात, अण्णा. एका जातीच्या खारींवर तपासून बघितलंय. सख्ख्यांना ओळखतात, शेजारच्यांना तेवढं विसरतात."

मी म्हटलं, म्हणजे हे असे निजून उठले की माझं कठीण आहे, मी तर लग्न करून आलेली. ह्यांना हसू आलं नाही. त्यांनी चहा संपवला.

"कळवून टाक," ते म्हणाले. "देवी उठली की तिला मी सांगतो, घाई होती म्हणून. नऊ डाव निजंल आन् उठंल, तवर तू येशीलच."

तीन वर्षांच्या नऊ निद्रा त्यांनी कधी मोजल्या, हे मी विचारलं नाही. छताकडे बघत ते आठवडाभर तेच करत होते.