शेडमध्ये आलेली सवत

मी तनुजाची सायकल बोलतेय. ‘तनुजाची’ आधी, ‘सायकल’ नंतर. कारखान्यातून माझ्यासारख्या हजारो निघाल्या, पण तिची मी एकटीच.

बजाजनगरातून वाळूजच्या पॅकिंग युनिटला तिनं मला वर्षानुवर्षं पळवलं. शिफ्टच्या बसमध्ये जागा मिळाली तरी ती बसायची नाही. मला तेव्हाच पटलं होतं, बाईच्या पायाखाली स्वतःचं पॅडल आणि हातात स्वतःचा ब्रेक असला की निम्मं जग सुधारतं. उरलेलं निम्मं सुधारायची वाट बघण्याइतका धीर माझ्यात कधीच नव्हता.

मग तिची नजर कडेकडेनं विझू लागली. समोरचं दिसायचं, बाजूचं नाही. गल्लीतून आलेला स्कूटरवाला तिला दिसलाच नाही. हात मोडला. डॉक्टरांनी सायकल बंद केली. तनुजा बसनं जाऊ लागली, गप्प गप्प. मी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये भिंतीला लागले.

तिचा नवरा सुदर्शन कंपनीत फिटर. शेडमध्ये त्याचं घरचं वर्कशॉप. एक दिवस भंगारातून त्यानं ती आणली. जोडसायकल! दोन सीटा, दोन हँडलं, चार पॅडलं, आणि लांबी अशी की शेडचं दार लागेना. परदेशी होती म्हणे. मला तर नुसती गंजकी दिसली.

पण तिचे लाड! डिझेलनं गंज पुसला. चाकांचा आऊट काढून ती सरळ फिरती केली, बेअरिंगचे छर्रे बदलले. तिच्या आट्यांना इथले नट बसेनात, म्हणून लेथवर नवे बनवून आणले. मला वर्षभरात तेलाचा एक थेंब नाही. वरून माझ्या कॅरिअरवर ग्रीसचा डबा.

आणि रचना तरी काय? मागचं हँडल वळतच नाही. दोन्ही ब्रेक पुढच्याच्या हातात. म्हणजे बायकोनं मागं बसून ताकद लावायची आणि नवऱ्याची पाठ बघायची! मी जळत होते, खरंय. पण जळणाऱ्याचं सगळंच खोटं नसतं.

एका रविवारी त्यानं जोडसायकल गल्लीत काढली. “बस तू, मी धरलंय,” म्हणत तनुजाला मागं बसवलं. आणि स्वतः मात्र जन्माच्या सवयीनं डावा पाय पॅडलवर ठेवून, उजव्यानं रेटा देऊन, टांग मागून फिरवली. मागं तर तनुजा! लाथ तिच्या बरगडीत, दोघं मातीत.

शेजारच्या साळूबाईंनी ओट्यावरूनच विचारलं, “आवो सुदर्शनराव, बायकोला लाथ मारायला एवढी लांब सायकल कशाला?”

सगळी गल्ली हसली. तनुजा हसली नाही. ती तडक शेडमध्ये आली, चाचपत माझं हँडल धरलं. “लई झालं. माझी एकटीची बरी होती.”

तिचे हात! वर्षभरानं! तिनं पॅडल मारलं. ते गरगर फिरलं, चाक हललं नाही.

“हिची चेन कुठंय?”

सुदर्शन दारात उभा. “तिला लावली. पुढच्या-मागच्या पॅडलांना जोडणारी चेन लांब लागते. तुझी जोडून पुरवली.”

“मला न विचारता?”

“तुला परत रस्त्यावर बघायचं होतं, तनू.”

तिचा हात माझ्या सीटवर फिरत होता. मी म्हणत होते, नाही म्हण. फक्त नाही म्हण.

“मग ही सीटपण तिकडं लावा. तिची टोचते,” ती म्हणाली. “हिचा एक ब्रेक माझ्या हँडलला द्या. घंटी मी वाजवणार, तुमच्यापेक्षा मला चांगलं ऐकू येतं. आणि इथून पुढं टांग पुढून टाकायची. मी ‘चला’ म्हटल्याशिवाय पॅडल मारायचं नाय.”

“व्हय, मालकीणबाई.”

आता दर रविवारी दोघं हर्सूल तलावापर्यंत जातात. येताना तनुजाचा आवाज पार कोपऱ्यापासून ऐकू येतो. जोडसायकलीवर जळणं मी सोडलंय. आता मी माझ्याच सीटवर जळते. ती तनुजासोबत जाते, ऊन खाऊन येते, आणि मला काही सांगत नाही.

सुदर्शन मला नवी सीट आणतो म्हणतो. नको. मला तीच हवीय, आणि तनुजाकडून ती काढूनही घ्यायची नाहीय. तुमच्याकडं मात्र एक मागणं आहे. तुमच्या घरी एखादी सायकल भिंतीला लागली असेल, तर तिच्या अंगाचं काही काढायच्या आधी तिला एक फेरी मारून आणा. एकच. मला तेवढीही मिळाली नाही.