उन्हाची बंदी

ज्वारी काढताना जनकाबाईचे दोन्ही पाय एकाएकी गार पडले आणि ती धाटांतच खाली बसली. नवऱ्यानं, ग्यानोबानं, पोटऱ्या चोळल्या, चिमटे घेतले; तिला पायांत काहीच जाणवेना.

साल शहात्तरचं. साखऱ्याहून जीपनं हिंगोलीला नेलं, तिथल्या डॉक्टरांनी तसंच औरंगाबादला पाठवलं. ऑपरेशन झालं. पाय वाचले, डाव्याची दोन बोटं गेली.

"अंगातली रोगाशी लढणारी ताकद तुमच्यावरच उलटली आहे," डॉक्टरांनी सांगितलं. "सांधे दुखतात, गालांवर चट्टे येतात ते त्यामुळंच. त्यातूनच पोटातल्या मोठ्या धमनीत रक्ताची गुठळी झाली. गोळ्या कायमच्या. आणि ऊन अंगावर घ्यायचं नाही."

"माझी तीन लेकरं पोटातच गेली, डॉक्टरसाहेब."

"त्यालाही हाच आजार कारण असेल."

जनकाबाई तोंडावर पदर घेऊन रडली. इतकी वर्षं सासू तिला करंटी म्हणत होती.

घरी आल्यावर ती आतल्या खोलीत राहू लागली. सकाळी सगळी शेतात जात, गल्ली ओस पडे. तिला कुणाचा आवाज म्हणून ऐकू येत नसे. दाराशी ऊन आलं की ती मागं सरके. दुपार होईतो पार मागच्या भिंतीला टेकलेली असे.

उन्हाळ्यात कनेरगाव नाक्याहून माणिकराव नावाचे पाहुणे आले. सासूनं, नर्मदाबाईनं, तिला बजावलं, "तू भाईर येऊ नको."

आतून तिला सगळं ऐकू आलं. माणिकराव आपली पोरगी ग्यानोबाला द्यायला आले होते.

"पहिलीचं काय?" त्यांनी विचारलं.

"ती काय आज हाय, उद्या न्हाई," नर्मदाबाई म्हणाली. ग्यानोबा गप्पच होता.

जनकाबाई काठी टेकत भर उन्हात अंगणात आली.

"मी हाय अजून," ती म्हणाली. "पाव्हणं, पोरगी द्यायची तर मला बघून द्या."

माणिकराव तिच्याकडं, मग ग्यानोबाकडं बघत राहिले. "काहून बोलून न्हाई राहिले तुमी?" त्यांनी विचारलं. ग्यानोबानं मान खाली घातली. चहा न घेताच पाहुणे उठले.

त्याच रात्री तिला ताप चढला. गाल भाजल्यासारखे झाले, मनगटं सुजली, महिनाभर तिला हातानं घास घेता आला नाही. ग्यानोबा शेतावर जायच्या आधी तिला भरवायचा, गोळी द्यायचा. एकदा म्हणाला, "दुसरी न्हाई करणार मी."

"तवा बोलायचं व्हतं," ती म्हणाली.

तो पाण्याचा तांब्या उशाशी ठेवून निघाला. जाताना ऊन येऊ नये म्हणून त्यानं दार ओढून घेतलं.