ब्लॅकहोपच्या चरातला बूट

उत्खननाचा चर इतका खोल गेला होता की वरून पाहिलं तर हेस्टर मिलबर्न म्हणजे विहिरीत पडलेली टोपी वाटायची. खाली काळाकुट्ट चिखल. त्यात रोमन लोकांनी जमिनीवर अंथरलेलं गवत अजून हिरवंगार निघायचं आणि वारा लागला की डोळ्यांदेखत काळं पडायचं. वास तर असा, जणू शिपाई आत्ताच जेवून उठलेत. ब्लॅकहोपच्या कुरणातल्या मेंढ्यासुद्धा तिथून जाताना तोंड फिरवायच्या.

हेस्टरचं अर्धं आयुष्य या रोमन सरहद्दीवर खोदण्यात गेलं होतं. लग्न राहिलं, गुडघे गेले, उरला तो हट्ट. तिचं म्हणणं एकच: सरहद्दीच्या दगडी भिंतीवरच्या या ठाण्यांत नुसते शिपाई नव्हते, त्यांची बायकापोरं आत, बराकीतच राहायची. मोठमोठे प्रोफेसर हसायचे. "मिस मिलबर्नना बराकीत पाळणे दिसतात," असं एकानं भर सभेत म्हटलं होतं.

आणि आज बराकीच्या जमिनीवर, गवताखाली, तिच्या थापीला लागला एक चामड्याचा बूट. तिच्या तळहाताएवढा.

"आलास्टेअर," ती कुजबुजली. मोठ्यानं बोललं की चराच्या भिंतीतून माती गळायची.

आलास्टेअर थर्लवॉल तिचा जुना जोडीदार. फोटो काढायचं काम त्याचं. तो काठावरून वाकला. "काय गं, पाळणा सापडला?"

"पाळण्यातल्याचा बूट सापडला. कॅमेरा आण."

फोटो निघेपर्यंत वस्तूला बोट लावायचं नाही, हा खोदकाम करणाऱ्यांचा नेमच. आणि फोटोत काही म्हणजे काही दिसता कामा नये. बादली नको, फळी नको, टाचेची खूण नको. कुणी कधी खाली उतरलंच नव्हतं असा साफ चर हवा. म्हणून आलास्टेअरनं बादली वर ओढली, चराच्या भिंतींना दिलेले मधले टेकू काढले, मागच्या फळ्या काढल्या, आणि हातासरशी शिडीही काढून मातीच्या ढिगापलीकडे टाकली. हेस्टर कोपऱ्यात अंग चोरून उभी राहिली.

"पोट आत घे, दिसतंय."

"तुझं काय कमी आहे? काढ लवकर!"

"ढग येऊ दे. सावली पडतेय."

तेवढ्यात आवाज आला. कुणीतरी जाड कापड सावकाश फाडावं तसा. समोरच्या भिंतीवर केसाएवढी रेघ उमटली. रेघेची बोटभर भेग झाली. भेगेतून काळं पाणी ठिबकायला लागलं. हेस्टरच्या तोंडचं पाणी पळालं.

"आलास्टेअर, शिडी."

"फोटोत येईल गं."

"आलास्टेअर, शिडी!"

त्यानं कॅमेऱ्यावरून डोळा काढला आणि खडूसारखा पांढरा पडला. भिंत गाभण गाईसारखी फुगत होती. हेस्टरनं पाय उचलला, पण पाय येईना. ओढावा तितका चिखल आवळत होता, जणू खालून कुणी घोटा पकडलाय. कोण असणार, एखादा रोमन शिपाईच! तिनं आपली लॅटिनमध्ये विनवणी केली, सोड रे बाबा म्हणून. खोटं वाटेल, पण पाय सुटला!

शिडी आणायला वेळच नव्हता. आलास्टेअरनं कॅमेऱ्याची तिकाटी उचलली आणि कॅमेऱ्यासकट चरात सोडली. "चढ!"

"अरे, कॅमेरा..."

"चढ गं बाई!"

चढायला दोन्ही हात हवेत. हेस्टरनं खाली झेप घेतली, बूट उपसला आणि दातांत धरला. जन्मात पहिल्यांदा तिनं फोटोआधी वस्तू उचलली. एक पाय, दुसरा पाय, मग आलास्टेअरनं कॉलर धरून तिला काठावर खेचलं. मागं भिंत बसली. धडाड नाही, काही नाही. नुसता सुस्कारा. कॅमेरा दिसेनासा झाला.

हेस्टर गवतावर चार पायांवर होती, बूट अजून दातांत. आलास्टेअरनं तो हळूच सोडवून, चामडं वाळू नये म्हणून पाण्याच्या बादलीत ठेवला.

"तू वाचलीस. बूटही वाचला."

"बूट वाचला रे, जागा गेली," ती म्हणाली. "फोटो नाही, नकाशा नाही. म्हणतील, ठाण्याबाहेरच्या उकिरड्यावरचा आणला."

"मी सांगेन ना."

"तू माझा मित्र. तुझं कोण ऐकतंय?"

त्यानं थर्मासमधला चहा दिला. तिनं कप गवतावरच ठेवला. चराच्या काठावरून अजून ढेकळं सुटत होती, डुबुक, डुबुक.

ती म्हणाली, "जास्तीच्या फळ्या आहेत ना गाडीत?"

"नाही हेस्टर. नाही म्हणजे नाही."

"पोराला पाय दोन असतात, आलास्टेअर. दुसरा बूट तिथंच असेल."

शिव्या घालत तो फळ्या आणायला गेला.

हेस्टर बसल्या बसल्याच काठापर्यंत सरकली आणि खाली वाकली. चिखलातून बुडबुडे वर येत होते. एक. मग आणखी एक. खाली कुणी श्वास सोडत असल्यासारखे.

"उतरणार मीच," ती मागं न बघता ओरडली. "पण कॉलर धरून ठेव माझी. सोडलीस तर तुझ्या मानगुटीवर बसेन, सांगून ठेवते!"