सगळ्या आल्या

चैत्रातलं हळदीकुंकू म्हटलं की कानडी मुलखातल्या केलगेरीच्या एका घरात सकाळपासून कैऱ्यांचा ढीग, आणि त्या किसायला एकटी कुसुमावती. नवरा गेल्यापासून हे काम न सांगता तिच्याकडेच आलेलं. तिच्या हातची डाळ सगळ्यांना चालते हो, तिचं कपाळ तेवढं चालत नाही!

तिची लेक वेदश्री पर्यावरणाचा अभ्यास करत होती. गावच्या तलावाबद्दल लोकांच्या मनातलं कसं जाणून घ्यायचं, प्रश्न विचारून आपण गप्प कसं बसायचं, हे ती सध्या शिकत होती. आयुष्यातली पहिली गटचर्चा तिनं काकूच्या हळदीकुंकवातच ठेवली, कारण बायका आयत्याच जमणार होत्या. त्यात आई कुठं बसेल, हे तिच्या डोक्यातही आलं नाही. पोर हुशार, पण घरातलं आंधळेपण तिच्याही अंगवळणी पडलेलं.

"अक्का, तुम्ही पन्ह्याचं बघा. बाहेर नका येऊ, बरं दिसत नाही," धाकटी जाऊ गोदावरी सांगून गेली. कुसुमावतीनं नेहमीसारखी मान हलवली.

बाहेर वेदश्रीनं फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं. "काकू, सगळ्या आल्या?"

"हौदु, सगळ्या आल्या. विचार तू."

"तलावावर शेवटचं कधी गेल्या होतात?"

बायका एकमेकींकडं बघून हसू लागल्या. आत कुसुमावतीचा किसणीवरचा हात थांबला आणि ती हळूच उत्तर देऊ लागली, समोर कुणी नसताना. "तुझे बाबा होते तेव्हा रोज संध्याकाळी जायचो गं आम्ही. नंतर एकदा एकटी बसले बांधावर, तर लोक बघायला लागले. मग गेलेच नाही. आता वारा आला की पाण्याचा वास येतो, तेवढाच तलाव राहिला मला." तिला रडू फुटलं. किती एकटं असावं माणसानं, की रिकाम्या स्वयंपाकघराला मनातलं सांगावं!

बायकांचं हसणं थांबेना म्हणून तोवर पन्हं न्यायला आलेली वेदश्री हे ऐकून दारातच थबकली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आई, चल बाहेर."

गोदावरी धावत आली. "खुळी काय गं तू? सवाष्णींच्यात? आजच्या दिवशी?"

"मग सगळ्या आल्या असं का म्हणालीस, काकू? माझी आई कुणात धरायचीच नाही का?"

"रीत आहे बाई. मी काय करू?"

"तू कर तुझं हळदीकुंकू. माझी चर्चा तिथं नाही व्हायची."

तिनं बाहेरचा फोन उचलून आणला आणि आईसमोर फरशीवर बसकण मारली. बाहेर सगळ्यांना सगळं ऐकू गेलं होतं. त्यांतल्या कितीजणी हळहळल्या असतील, पण आत यायला एकही उठली नाही.

"आई, तू तलावावर शेवटचं कधी गेली होतीस?"

पदराला हात पुसत कुसुमावती लेकीकडं बघत राहिली.

"मला विचारतेस?" ती म्हणाली.